पाहुण्यांना बडोदा दाखवताना: आपल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्यातल्या मराठी मंडळांचे, वाचनालयांचे आणि गणेशोत्सव समित्यांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की आपल्याकडे पाहुण्यांचा राबता सुरू होतो. पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मंडळी सहलीने येतात, कुणी केवडियाला जाता-येता एक दिवस बडोद्यासाठी राखून ठेवतात, आणि त्यांना शहर दाखवायचं काम हक्काने आपल्या मंडळांकडे येतं. आपण ते मनापासून करतो. सकाळी लक्ष्मी विलास, मग कीर्ती मंदिर, जेवण झालं की कमाटीबाग, कुणाला हौस असेल तर सेव-उसळ, आणि संध्याकाळी सुरसागरला एक फेरी. प्रत्येक इमारतीसमोर उभं राहून आपण एकच वाक्य सांगतो: "हे आपल्या महाराजांनी बांधलं."

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. ते खोटं नाही. सयाजीराव महाराजांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो घरातच मिळालेला आहे. आमच्याकडे देवघराशेजारी त्यांची तसबीर असे. पण त्या एका वाक्यावर थांबलो की महाराजांचा सगळ्यात मोठा गुण झाकला जातो. जिथे कुठे चांगला माणूस दिसला तिथून त्याला बोलावून आणायचं, त्याचा धर्म-देश न विचारता त्याच्याकडून काम करून घ्यायचं आणि त्या कामाला शहराच्या मध्यभागी जागा द्यायची, हा तो गुण. बडोद्याच्या इमारती म्हणजे अशा बोलावलेल्या आणि आपणहून आलेल्या माणसांच्या खुणा आहेत. त्या माणसांची नावं आपण पाहुण्यांना सांगत नाही. मग हळूहळू ती आपल्याही मुलांना माहीत नसतात.

माझी विनंती अशी, की आपण सगळ्या मंडळांनी मिळून शहर दाखवायची पद्धत बदलूया. कशी, ते सांगते.

सुरुवात राजवाड्यापासून करू नका, मांडवीपासून करा. चार वाटा जिथे मिळतात तिथे ती चौकोनी, कमानींची इमारत उभी आहे. पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. तटबंदीतलं हे चौकोनी शहर गायकवाडांच्या आधीचं आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्या काळात ते वसलं. त्याआधीची वस्ती विश्वामित्रीपलीकडे, आजच्या अकोट्याच्या बाजूला होती. तिथे १९५१ च्या सुमारास जमिनीखालून जैन तीर्थंकरांच्या कांस्यमूर्तींचा ठेवा निघाला. त्यातल्या काही मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या आहेत आणि कमाटीबागेतल्या संग्रहालयात आपण त्यांच्यासमोरून दरवेळी घाईने पुढे जातो, कारण मुलांना ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहायचा असतो. मराठे इथे कायमचे आले ते १७३४ नंतर. म्हणजे दामाजीराव गायकवाडांना बडोदं मिळालं तेव्हा जैन, सुलतानी आणि मोगल अशा तीन काळांचे थर या मातीत आधीच होते. मांडवीखाली उभं राहून हे एवढं सांगितलं, तरी पाहुण्याची नजर बदलते. जवळच जामा मशीद आहे, विठ्ठलनाथजींचं मंदिर आहे, आषाढी एकादशीला त्यांचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, याच चौकातून जातो. सांगण्यासाठी कुठे लांब जावंच लागत नाही.

मांडवीबद्दल आणखी एक बोलायचं आहे. अलीकडे तिच्या खांबाचा गिलावा सुटला, तडे दिसले, लोखंडी टेकू द्यावे लागले. शहरातल्या अनेकांनी त्यासाठी आवाज उठवला. त्या आवाजात आपल्या मंडळांचा आवाज मला फारसा ऐकू आला नाही. राजवाड्याच्या एका कमानीला तडा गेला असता तर आपण गप्प बसलो असतो का?

प्रतापनगरच्या बाजूला हजिरा आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो आतून पाहिला आहे, हे मी विचारणार नाही, पण सहलीच्या यादीत तो कधीच नसतो. अकबराचा सरदार आणि शाहजादा सलीमचा शिक्षक म्हणून ज्याची ओळख सांगतात, त्या कुतुबुद्दीन मुहंमद खानाची ही कबर. गुजरातच्या शेवटच्या सुलतानाशी झालेल्या झगड्यात १५८३ साली तो मारला गेला. उंच चौथऱ्यावर अष्टकोनी इमारत, वर घुमट, दगडी जाळ्या. दुपारच्या उन्हात जाळीची नक्षी फरशीवर उतरते आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असलेली ही वास्तू आहे, म्हणजे देशाने तिला मोलाची मानली आहे. आपण का नाही?

आता रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. इथे मात्र थांबायला वेळ ठेवा, कारण माझ्या मते या शहरात मराठी माणसाने सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवावा अशी जागा हीच आहे. विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. बाहेरून पाहिलं तर चार मजली लाकडी मराठी वाडा, पुण्यातल्या कसब्यात किंवा नाशिकच्या जुन्या गावठाणात शोभेल असा. आत वरच्या दालनात गेलं की भिंती चित्रांनी भरलेल्या दिसतात. लहान-मोठे चौकोन पाडून त्यात कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, नायिका, मिरवणुका आणि मराठे-इंग्रजांची लढाईसुद्धा रंगवलेली आहे. जवळ जाऊन पाहा. बाईचा काष्टा मराठी आहे, तिच्या डोळ्यांची ठेवण गुजराती-राजस्थानी कलमाची आहे, आणि मागची खोली, तिथलं सामान विलायती धर्तीचं आहे. ज्या चितारींनी हे काढलं त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. पण ज्या घरात दिवाण राहत होते, त्या घरात रोज उठून डोळ्यांसमोर असणारी चित्रं अशी तीन-चार परंपरांनी मिळून घडली होती, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. कागदपत्रं वाचून जे कळायला आयुष्य जाईल ते या भिंतीसमोर दहा मिनिटांत कळतं.

त्या भिंतींचे रंग जागोजागी उडालेले आहेत. दमट हवा, धूळ आणि माणसांचे हात या तिन्हींनी भित्तिचित्रं मरतात. म्हणून सहल नेताना वीस-पंचवीस जणांचा लोंढा आत सोडू नका, पाच-पाच जणांनी जा, भिंतीला हात लावू देऊ नका, फ्लॅश मारू देऊ नका. ही शिस्त आपण पाळली की मग पुरातत्त्व खात्याकडे आणखी निगराणी मागायचा अधिकार आपल्याला येतो.

लक्ष्मी विलास सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तिथे थोडक्यात सांगते. मेजर चार्ल्स मँट याने आराखडा केला. हाच मँट कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार. कोल्हापूरचे पाहुणे असले की हे जरूर सांगा, त्यांचे डोळे चमकतात. काम सुरू झाल्यावर थोड्याच काळात मँट वारला आणि रॉबर्ट चिझम याने ते १८९० साली पुरं केलं. चिझम मद्रासहून आलेला. तिथलं प्रेसिडेन्सी कॉलेज आणि सिनेट हाऊस त्याचंच. दरबार हॉलच्या फरशीसाठी व्हेनिसहून कारागीर आले, शिल्पांसाठी ऑगुस्तो फेलिची नावाचा इटालियन आला, चित्रांसाठी त्रावणकोरहून राजा रविवर्मा आले. या सगळ्यांच्या हाताखाली दगड घडवणारे आणि लाकूड कोरणारे शेकडो हात गुजरातचे होते. राजपूत छज्जे, जैन धाटणीचं कोरीव काम, इस्लामी घुमट आणि युरोपी मनोरा एका दर्शनी भागात बसवताना चिझमला कुठेही गडबड झाल्यासारखं वाटत नाही. राजवाडा किती मोठा, कुणाच्या किती पट, हे आकडे सांगण्यात आपला बराच वेळ जातो. त्यातला निम्मा वेळ या माणसांना द्या.

चिझमचीच दुसरी इमारत विद्यापीठात आहे, आर्ट्स फॅकल्टीची, जुनं बडोदा कॉलेज. तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला आहे. आदिलशहाच्या कबरीचा घुमट मराठी राजाच्या कॉलेजवर, बांधणारा इंग्रज, शिकणारी मुलं बहुतेक गुजराती, आणि शिकवणाऱ्यांत अरविंद घोष नावाचा एक तरुण बंगाली. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. मराठी आणि गुजराती ते इथेच शिकले. पुढे १९०८ च्या जानेवारीत विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना ध्यानाची दिशा दाखवली, तीही याच शहरात, सरदार मजुमदारांच्या वाड्यात. दांडिया बाजारातलं श्रीअरविंदांचं घर पाहायला बंगालहून, पाँडिचेरीहून माणसं येतात. आपल्या मंडळाचं कार्यालय तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर असूनही आपली सहल तिथे वळत नाही.

न्यायमंदिराबद्दल मात्र मला मोकळेपणाने लिहायचं आहे. १८९६ साली चिझमने ही इमारत बांधली ती मंडई म्हणून, आणि मग तिथे न्यायालय आलं. पहिल्या महाराणी चिमणाबाईंच्या नावाने ती उभी आहे. आत त्यांचा पुतळा आहे. या चिमणाबाई कोण होत्या? लग्नाआधीच्या लक्ष्मीबाई, तंजावरच्या मराठा घराण्यातल्या. १८८० साली त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकही आले. गौरा आणि कांतिमती या त्यातल्या दोघी. ज्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो ते नृत्य कावेरीकाठाहून विश्वामित्रीच्या काठी असं आलं. कांतिमतीच्याच कुटुंबातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथल्या विद्यापीठात नृत्य शिकवत होते. चिमणाबाई १८८५ सालीच गेल्या. अवघी पाच-सहा वर्षं त्या बडोद्यात होत्या, आणि तरीही या शहरातल्या मुली आज पायात चाळ बांधून जे शिकतात त्याचा एक धागा त्यांच्यापर्यंत जातो. न्यायमंदिरासमोर उभं राहून "हे जुनं कोर्ट" एवढंच सांगून पुढे जाणं मला सहन होत नाही.

न्यायालयं २०१८ साली दिवाळीपुऱ्याला गेली. तेव्हापासून न्यायमंदिरात शहराचं संग्रहालय व्हावं, असं बोललं जातं. ते होईल तेव्हा आत काय सांगायचं, यावर आपल्या मंडळांनी आत्ताच विचार करून ठेवावा आणि लेखी द्यावा. एक सूचना मी इथेच करते. १९३१ साली बडोदा संस्थानाने कारभारातल्या आणि कायद्यातल्या शब्दांचा एक मोठा कोश छापला. एकेका शब्दासमोर इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली, अशा आठ भाषांतले शब्द. शंभर वर्षांपूर्वी राज्यकारभाराच्या कामासाठी जे शहर आठ भाषा एका पानावर मांडू शकलं, त्या शहराच्या संग्रहालयातल्या पाट्या निदान चार भाषांत असाव्यात. मराठी हवी, असं आपण म्हणणारच, आणि म्हणायलाच हवं. त्याच कागदावर उर्दूही मागूया. आपल्या भाषेसाठी मागताना दुसऱ्याच्या भाषेसाठीही मागितलं की आपल्या मागणीला वजन येतं, आणि खरं सांगायचं तर तेच बडोद्याच्या रीतीला धरून आहे.

संगीताचंही तसंच. सुरसागरजवळून जाताना आपण संगीत महाविद्यालयाकडे बोट दाखवतो. त्या संस्थेचं मूळ १८८६ च्या गायनशाळेत आहे आणि ती गायनशाळा मौलाबक्ष यांची. उत्तरेतल्या या गवयाने दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही आत्मसात केलं होतं. गाणं कागदावर लिहिता यावं म्हणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसवून गाणं शिकवायला घेतलं. त्यांचे नातू इनायत खान बडोद्यातच १८८२ साली जन्मले आणि १९१० मध्ये वीणा घेऊन पश्चिमेकडे गेले. युरोप-अमेरिकेत सूफी विचार रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतात. १९१६ साली पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती बडोद्यातच, महाराजांच्या आश्रयाने. उस्ताद फैयाज खान दरबाराचे गवई. १९५० मध्ये ते इथेच गेले, त्यांची कबर याच शहरात आहे. २००२ च्या दंगलीत तिची नासधूस झाली. हे वाक्य मी टाळू शकले असते. पण आपल्या घरातल्या जुन्या रेकॉर्डवर, गाण्याच्या शिकवणीत, गणेशोत्सवातल्या गायनाच्या स्पर्धेत ज्यांचं गाणं आपण आजही आळवतो, त्यांच्या कबरीवर आपल्यातलं कुणी दरवर्षी फूल ठेवत नसेल, तर ते आपल्याकडून राहिलेलं काम आहे, असं मला वाटतं.

मध्यवर्ती ग्रंथालयाबद्दल आपण अभिमानाने बोलतोच. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि ग्रंथालयाचं खातं उभं राहिलं. पेट्यांत भरलेली पुस्तकं गावोगाव जाऊ लागली. इथे मी फक्त एवढंच म्हणेन, की पाहुण्यांना पुस्तकांच्या मांडणीपर्यंत आत न्या. लोखंडी कपाटांचे मजले आणि मधली काचेची जमीन, खालच्या मजल्याचा उजेड वरपर्यंत पोचावा म्हणून केलेली. वर उभं राहिलं की पायाखाली खालच्या माणसाची सावली हलताना दिसते. लहान मुलं ते पाहून हरखून जातात.

आणि खंडेराव मार्केट. समोर महानगरपालिका, मागे भाजी आणि फुलांचा बाजार. ज्यांच्या नावाने ते आहे त्या खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता. इराणच्या आखातातले लाखो मोती, त्यात हिरे-माणकं, आणि तो पाठवायचा होता मदिनेला, पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी. खंडेराव १८७० साली वारले, गालिचा बडोद्यातच राहिला, पुढे देशाबाहेर गेला आणि २००९ मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला. एका मराठी राजाने मदिनेसाठी मोती ओवून घेतले, ही गोष्ट शहराच्या कारभाराच्या इमारतीसमोर उभं राहून सांगायला किती छान आहे! झेंडूची फुलं घ्यायला आलेल्या बायकासुद्धा थांबून ऐकतात, हे मी पाहिलं आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की बडोदा म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने नांदलेलं शहर, असं चित्र मी रंगवते आहे. तसं नाही, आणि म्हणून कमाटीबागेतली जागा दाखवल्याशिवाय फेरी पुरी होऊ देऊ नका. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. अस्पृश्य म्हणून शहरात त्यांना कुणी घर देईना. पारशांच्या सराईत, म्हणजे धर्मशाळेत, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे माणसांची रीघ लागते.

त्या दिवशी त्यांना दार न उघडणारी घरं अनेक धर्मांची होती, आणि त्यात मराठी घरंही नक्कीच होती. राजाची इच्छा चांगली होती, इमारती उभ्या होत्या, ग्रंथालय होतं, कॉलेज होतं, आणि तरीही परदेशातून शिकून आलेल्या माणसाला एक खोली मिळाली नाही. हे आपण पाहुण्यांना सांगायला कचरतो, कारण शहराचं नाव खराब होईल असं वाटतं. मला उलट वाटतं. संग्रहालयापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ती जागा आहे. राजाने कुणालाही बोलावलं तरी त्याला राहायला जागा द्यायची की नाही हे शेजारी ठरवतात, आणि ते शेजारी म्हणजे आपणच, हे तिथे उभं राहिल्यावर जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही. आपल्या किती मंडळांच्या सहली संकल्पभूमीवर थांबतात, याचं उत्तर आपापल्या मंडळात द्या.

कीर्ती मंदिर शेवटी घ्या. १९३६ सालचं, गायकवाड घराण्याचं स्मृतिमंदिर. आत भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीरेचं चरित्र आणि महाभारताचं युद्ध रंगवलं आहे. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. इथे जास्त बोलायची गरज नाही, पाहुण्यांना निवांत पाहू द्या.

काही महिन्यांपूर्वी एका मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं, तेव्हा एका ज्येष्ठांनी मला प्रेमाने विचारलं, "अगं, गुजरातमध्ये आपलंच कुणी सांगत नाही. आपण आपलं सांगायचं सोडून दुसऱ्यांचं कशाला सांगायचं?" त्यांची कळकळ मला कळते. शहराच्या नव्या वस्त्यांत मराठी नावं कमी होत चालली आहेत, मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत, गायकवाडांचा जुना नजरबाग पॅलेस आपल्या डोळ्यांदेखत पाडला गेला. घाबरलेला माणूस आपलं तेवढं कवटाळून बसतो. पण त्याचा परिणाम मी रोज पाहते. आम्ही वर्षानुवर्षं "हे आपलं, मराठ्यांचं" म्हणत राहिलो, आणि माझ्या शेजारच्या गुजराती मुलाला वाटायला लागलं की तांबेकर वाडा तुमचा, आमचा त्याच्याशी काय संबंध. याकुतपुऱ्याच्या मुस्लिम वस्तीतल्या मुलाला वाटतं, राजवाडा त्यांचा. ज्या इमारतीवर फक्त एका समाजाचं नाव असतं, ती पडायला आली की तो एकच समाज धावतो. तो समाज लहान होत चालला असेल, तर इमारत कुणाच्या भरवशावर उभी राहणार? चिझमचं, मौलाबक्षांचं, कांतिमतीचं नाव आपण सांगितलं म्हणजे सयाजीरावांचं नाव पुसलं जात नाही. ते नाव उच्चारायला आणखी तोंडं मिळतात.

म्हणून माझं मागणं असं आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या सहलीच्या मार्गात मांडवी, हजिरा, तांबेकर वाडा आणि संकल्पभूमी या चार जागा घालाव्यात. दाखवायला जाताना एकट्याने जाऊ नये. फेरीबरोबर एक गुजराती बोलणारा आणि शक्य तिथे एक मुस्लिम शेजारी असावा, म्हणजे एकाच इमारतीची तीन घरांत सांगितली जाणारी आठवण ऐकायला मिळेल. सगळ्या मंडळांनी मिळून सोळा पानांची एक पुस्तिका मराठी-गुजरातीत काढावी, हिंदी-उर्दू मजकूर जमेल तसा पुढच्या आवृत्तीत घ्यावा. कच्चा मजकूर मी लिहून ठेवला आहे, तो तपासायला आपल्यातले इतिहासाचे जाणकार मदत करतील, अशी आशा आहे. मांडवी आणि तांबेकर वाड्याच्या दुरुस्तीबद्दल महानगरपालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला एकच संयुक्त पत्र जावं, त्यावर मराठी मंडळांबरोबर आसपासच्या पोळींतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, व्यापाऱ्यांच्या, मशिदीच्या आणि मंदिरांच्या विश्वस्तांच्याही सह्या असाव्यात. त्या सह्या गोळा करायला मी स्वतः फिरायला तयार आहे.

कोजागरीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी मांडवीच्या कमानीखाली असेन. ज्या मंडळांना पटेल त्यांनी आपले दोन-दोन कार्यकर्ते पाठवावेत, आणि प्रत्येकाने एक बिगर-मराठी शेजारी सोबत आणावा. तांबेकर वाडा उघडायची वेळ पाहून पुढचा मार्ग तिथेच ठरवू. हजिरा लांब पडतो, तेव्हा तेवढ्यासाठी रिक्षाची सोय करावी लागेल, ती कुणी अंगावर घेतली तर बरं होईल.

आपली नम्र,
दांडिया बाजारातली एक बडोदेकर